घरांत राहिलेला इतिहास

पॅरिशच्या महोत्सवाचें पुस्तक हातीं आलें म्हणजे वाचक त्यांत कांहीं ठराविक गोष्टी शोधतो. मंदिराची कोनशिला कोणत्या वर्षीं बसली, घंटा कोणी दिली, कोणकोणते धर्मगुरु येथें सेवा करून गेले, शाळेंत किती मुलें शिकलीं, ही माहिती अशा पुस्तकांत असावी हें योग्यच होय. परंतु समाज म्हणजे केवळ मंदिर आणि त्याचा कारभार नव्हे. रविवारची पवित्र मिस्सा संपल्यावर माणसें ज्या घरांकडे परततात त्या घरांचाहि एक इतिहास असतो. तो कोनशिलेवर कोरलेला नसतो. तो माळ्यावरच्या पेटींत, देवघराच्या कोनाड्यांत आणि स्वयंपाकघराच्या फळीवर असतो. तो जपावा कीं नाहीं, आणि जपावा तर कसा, हा प्रश्न महोत्सवाच्या वर्षीं आपणांपुढें यावा असें आम्हांस वाटतें. त्याचा विचार करण्यास पुण्याच्या सदाशिव पेठेंत व तिच्या शेजारीं जितकें साहित्य आहे तितकें फार थोड्या ठिकाणीं सांपडेल.

ही पेठ थोरले माधवराव पेशवे यांनीं आपले चुलते सदाशिवरावभाऊ यांच्या नांवानें वसविली. भाऊसाहेब १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर पडले, आणि पुढें त्यांच्या नांवाची ही वस्ती उभी राहिली. स्मारक म्हणून मनोरा किंवा छत्री न उभारतां लोकांच्या राहण्याची पेठ वसवावी, ही कल्पना आम्हांस मोठी मनोज्ञ वाटते. याच पेठेंत बाजीराव रस्त्यावर दुसऱ्या बाजीरावांचा विश्रामबागवाडा उभा आहे. पेशवाई १८१८ सालीं संपली आणि धनी गेला. १८२१ सालीं त्या वाड्यांत संस्कृत पाठशाळा भरूं लागली. १८७९ सालच्या आगींत त्याचा बराच भाग जळाला. पुढें त्याची दुरुस्ती होऊन सरकारी कचेऱ्या त्यांत नांदल्या. इतक्या धन्यांच्या हातून जाऊनहि वाड्याचे लांकडी खांब आणि दर्शनी सज्जा पाहणारास अजून थांबवितात.

याच पेठेंत भारत इतिहास संशोधक मंडळाची वास्तु आहे. ७ जुलै १९१० रोजीं इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आणि सरदार खंडेराव मेहेंदळे यांनीं मंडळाची स्थापना केली. आज त्याच्या संग्रहीं लाखों मोडी कागद, हजारों हस्तलिखितें, नाणीं, ताम्रपट आणि चित्रें आहेत. अभ्यासक दूरदूरहून येथें येतात. परंतु हे कागद मुळांत कोठें होते, याचा विचार येणारे सर्वच करतात असें नाहीं. ते राजवाड्यांच्या दफ्तरांतच होते असें नव्हे. त्यांतील फार मोठा भाग गृहस्थांच्या घरांत होता. रुमालांत बांधून माळ्यावर टाकलेला, वाळवी व उंदीर यांच्या हवालीं केलेला. राजवाडे यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं प्रसिद्ध केला. त्यांतील पानिपतपर्यंतच्या काळाचे कागद वाई येथें एका घराण्याकडे जपून राहिलेले होते. त्या घरानें ते बंबांत घातले असते, तर ज्या वीराच्या नांवानें ही पेठ ओळखली जाते त्याच्या मोहिमेची हकीकत आपणांस आज आहे तितकी कळली नसती. पायीं हिंडून, दारोदार जाऊन, प्रसंगीं अपमान सोसून राजवाड्यांनीं आयुष्यभर जें काम केलें त्याचें मर्म एका वाक्यांत सांगतां येईल. राज्याचा इतिहास प्रजेच्या घरांत निजलेला असतो. तो कोणीतरी जाऊन उठवावा लागतो.

तथापि कागदालाहि एक मर्यादा आहे. कागद लिहितो तो कारकून, आणि लिहवून घेतो तो सरदार, सावकार किंवा देवस्थानचा पंच. सारा किती, कर्ज किती, वतन कोणाचें, हें कागद सांगतो. पण त्या सरदाराच्या घरीं दिवा कसला होता, सुपारी कशानें कातरीत, घरची सून केंस कोणत्या फणीनें विंचरी, पाय कशानें घांसून स्वच्छ करी, हें कळण्यास दफ्तर पुरत नाहीं. यासाठीं सदाशिव पेठेंतून बाजीराव रस्ता ओलांडून शुक्रवार पेठेंतील नातूबागेंत गेलें पाहिजे. तेथें राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे.

दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म १८९६ सालचा. ते कवि होते आणि 'अज्ञातवासी' या नांवानें लिहीत. त्यांचा धंदा चष्म्यांच्या दुकानाचा होता. सुमारें १९२० पासून त्यांना जुन्या वस्तू गोळा करण्याचा नाद लागला, आणि तो नाद पुढें त्यांचें जीवनकार्य झाला. बाजारांत मोडींत निघालेलें तांब्यापितळेचें सामान, पडक्या वाड्याचें कोरीव दार, खेड्यांतल्या घरीं अडगळींत पडलेला दिवा, असें जें जें दिसे तें ते पदरमोड करून घरीं आणीत आणि आपल्या राहत्या घरांतच मांडून ठेवीत. पत्नी कमलाबाई यांची त्यांना या कामीं अखंड साथ होती. ज्या घरांत पाहुण्याला बसावयास जागा हवी तेथें समया आणि कुलुपें दाटीनें येऊं लागलीं, तर गृहिणीला काय काय सोसावें लागलें असेल, याची कल्पना आमच्या भगिनींना करून देण्याची गरज नाहीं.

या दांपत्याचा मुलगा राजा हा अल्पवयांतच मृत्यु पावला. त्याच्याच नांवानें संग्रहालयाचें नांव राजा दिनकर केळकर संग्रहालय असें ठेविलें गेलें. ज्यांनीं आपलें लेंकरूं मातींत ठेविलें आहे त्या आईबापांना या नांवाचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाहीं. मुलाच्या हातीं जें घर द्यावयाचें तें केळकरांनीं पुढें सर्व लोकांच्या हातीं दिलें. आपल्या हयातींतच त्यांनीं हा सर्व संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला, आणि १९९० सालीं, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षीं, ते निवर्तले. आज या संग्रहांत २०,००० हून अधिक वस्तू आहेत. त्यांपैकीं थोडाच भाग एका वेळीं मांडलेला असतो, आणि तेवढाहि पाहतां पाहतां दिवस पुरत नाहीं.

काय आहे तेथें? अडकित्ते आहेत, घोड्याच्या, पोपटाच्या, स्त्रीपुरुषांच्या आकाराचे. पाय घांसण्याच्या पितळी वज्र्या आहेत, आणि त्यांच्या मुठीवर मोर व हत्ती बसविलेले आहेत. समया, लामणदिवे, दौती, पानाचे डबे, कुंकवाचे करंडे, फण्या, कुलुपें, वाद्यें, गंजिफा, कातड्याच्या बाहुल्या आणि कोरीव दारें आहेत. कोथरूड येथील मस्तानीच्या वाड्याचे अवशेष आणून उभारलेलें एक स्वतंत्र दालनहि आहे. परंतु आमच्या मतें संग्रहालयाचें खरें वैभव त्या दालनांत नाहीं. रोजच्या वापराची इवलीशी वस्तूहि सुंदर असली पाहिजे असा ज्या कारागिरांचा आग्रह होता, त्यांच्या हातांत तें आहे. पाय घांसावयाची वज्री ती काय, आणि तिच्या मुठीवर मोर कशाला? तो मोर ज्या तांबटानें घडविला त्याला दरबारीं कोणी मान दिला नसेल. पण रोज न्हाणीघरांत एका बाईच्या हातीं तो जाई, आणि तिला क्षणभर बरें वाटे. एवढ्यासाठीं त्यानें तो घडविला.

आमच्या पॅरिशमधील कांहीं वयोवृद्ध भगिनींसह आम्ही हें घर पाहण्यास गेलों होतों. त्यांतील बहुतेकींचें माहेर अहमदनगर जिल्ह्यांतील. प्रथम त्या बिचकून, पदर सांवरून, कांचेच्या कपाटांपासून हातभर दूर राहून चालत होत्या. मोठ्यांच्या घरीं आल्यासारख्या. पण शेवयांचा जुना सांचा दिसतांच त्यांच्यांतील एक आजीबाई एकाएकीं पुढें झाल्या आणि म्हणाल्या, "फादर, ह्याला दोघी लागतात बरं का. एकीनं दाबायचं अन् दुसरीनं खाली ताट फिरवायचं. न्हाई तर शेवयांचा गोळा होतो." मग दुसरीनें सांगितलें कीं त्यांच्या गांवीं असला सांचा साऱ्या आळींत एकच होता, आणि उन्हाळ्यांत तो घरोघर फिरे. तिसरीला त्या वेळीं म्हणावयाच्या ओव्या आठवल्या. पाहतां पाहतां तेथें एक लहानशी सभाच भरली. शाळेचीं कांहीं मुलें संग्रहालय पाहावयास आलीं होतीं, तीं भोंवतीं उभीं राहून ऐकूं लागलीं.

आम्ही त्या वेळीं गप्प होतों. पण एक गोष्ट मनावर ठसली. कांचेमागें सांचा एकटा होता. आजीबाईंच्या बोलण्यानें त्याच्या शेजारीं दोन बाया उभ्या राहिल्या, एक आळी उभी राहिली, आणि वैशाखांतली एक दुपार उभी राहिली. वस्तु संग्रहालयानें राखिली होती. तिची रीत मात्र या भगिनींपाशीं राहिली होती. दोन्ही एकत्र आल्या तेव्हां कोठें इतिहास पुरा झाला. केळकर नसते तर सांचा वितळून गेला असता. पण आजीबाई आल्या नसत्या, तर मुलांनीं तें एक चमत्कारिक यंत्र म्हणून पाहिलें असतें आणि पुढें पाऊल टाकलें असतें.

अशा वस्तू जपण्याची तळमळ एकाच देशांत झाली असें नाहीं. स्वीडन देशांत आर्टूर हाझेलिउस नांवाच्या शिक्षकानें १८७३ सालीं स्टॉकहोम शहरांत शेतकऱ्यांचे पोशाख, भांडीं व हत्यारें यांचा संग्रह लोकांस खुला केला. आगगाडी आणि कारखाने यांच्यामुळें खेड्यांतील जीवन डोळ्यांदेखत पालटत आहे, हें त्यानें ओळखलें होतें. १८९१ सालीं त्यानें त्याच्याहि पुढें जाऊन 'स्कानसेन' येथें गांवोगांवचीं अस्सल घरेंच उचलून आणून उभीं केलीं. केळकरांनीं पुण्यांत, निराळ्या परिस्थितींत, तेंच ओळखलें. दोघांनाहि घाई होती, कारण जुनें जग वाट पाहत थांबत नाहीं.

पुण्यांत तर तें एकदां एका दिवसांत वाहून गेलें. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, त्यापाठोपाठ खडकवासल्याचेंहि फुटलें, आणि मुठेचें पाणी नदीकांठच्या पेठांत शिरलें. शेकडों वाडे कोसळले, आणि त्यांबरोबर किती घराण्यांच्या पेट्या, बखरी व तसबिरी गेल्या त्याची गणतीच नाहीं. त्या पुरांतून जे वाचले त्यांतले बहुतेक वाडे नंतर हळूहळू पाडले गेले, आणि त्यांच्या जागीं सदनिकांच्या इमारती आल्या. यांत कोणाला दोष देण्याचें कारण नाहीं. पडत्या भिंतींत मुलेंबाळें ठेवून इतिहास राखावा असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु दहा खोल्यांच्या वाड्यांतून दोन खोल्यांत जातांना माणूस काय बरोबर नेतो आणि काय भंगारवाल्याला देतो, यावर त्या कुटुंबाची पुढील स्मृति अवलंबून राहते. तो निर्णय बहुधा एका संध्याकाळीं, घाईंत, वजनाच्या भावानें होतो.

आतां आपल्या समाजाकडे वळूं. पुण्यांत कॅथोलिक मंदिराचा आरंभ १७९२ सालीं झाला. पेशव्यांच्या सैन्यांतील अधिकारी दॉम मिगेल द नोरोन्या यांच्या विनंतीवरून सवाई माधवरावांनीं मंदिरासाठीं जागा दिली, आणि त्या जागेवर आजचें नाना पेठेंतील 'सिटी चर्च' उभें आहे. पेशव्याचें औदार्य आणि अधिकाऱ्याची निष्ठा या दोहोंचीं नांवें कृतज्ञतेनें घेतलीं जातात, आणि तीं घ्यावींच. पण मंदिर म्हणजे केवळ जागा देणारा आणि मागणारा नव्हे. जमीन सारविणारे हात, वाती वळणारे हात, मुलाला पहिल्यानें क्रूसाची खूण शिकविणारे हात, यांच्यावांचून तें एक वर्षहि टिकलें नसतें. सनदेंत त्या हातांना जागा नसते. त्यांची आठवण घरांनींच ठेवावी लागते.

आणि घरानें ठेवलेली आठवण केवढें कार्य करते, याचें उदाहरण आपल्याच साहित्यांत आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचें 'ख्रिस्तपुराण' १६१६ सालीं गोमंतकांत रायतूर येथें छापलें गेलें. पुढें १६४९ आणि १६५४ सालीं तें पुन्हां निघालें. या तिन्ही आवृत्त्यांची एकहि छापील प्रत आज हातीं लागत नाहीं. तरीहि हा ग्रंथ बुडाला नाहीं. गोमंतकांतून दक्षिणेकडे कानडा प्रांतांत गेलेल्या कुटुंबांनीं त्याच्या हातानें नकला करून ठेवल्या, पिढ्यान्पिढ्या घरांत वाचल्या, आणि जीर्ण झाल्या तेव्हां पुन्हां उतरून घेतल्या. त्याच हस्तलिखितांवरून जे. एल. सालढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें ग्रंथ पुन्हां छापून काढला. छापखान्यानें जें राखिलें नाहीं तें पेटाऱ्यानें राखिलें! त्या नकला करणाऱ्या साध्यासुध्या गृहस्थांपैकीं एकानेंहि, 'हें जुनें बाड काय कामाचें?' असें म्हणून ती मालिका तोडली असती, तर मराठी भाषेचें केवढें नुकसान झालें असतें!

आमच्या कार्यालयांत एक लोखंडी कपाट आहे, आणि त्यांत पॅरिशच्या नोंदवह्या आहेत. स्नानसंस्कार, विवाह, मृत्यु, यांच्या नोंदी ओळीनें लिहिलेल्या आहेत. नांव, आईबापांचें नांव, साक्षीदार, तारीख. त्या वह्या आम्ही वारंवार उघडतों, कारण कोणाला दाखला हवा असतो. प्रत्येक ओळीवर एक माणूस आहे. पण तें माणूस कसें बोलत असे, काय रांधीत असे, कोणत्या गांवाहून कोणती पेटी डोक्यावर घेऊन या शहरांत आलें, हें त्या ओळींत नाहीं. केळकरांच्या घरांत आम्हीं याच्या उलट पाहिलें. तेथें फणी आहे, पण ती कोणाच्या केसांतून फिरली तें नांव नाहीं. दिवा आहे, पण तो लावणारी नाहीं. आमच्यापाशीं नांवें आहेत आणि वस्तू नाहींत. तेथें वस्तू आहेत आणि नांवें नाहींत. केळकरांनीं एकट्यानें जें केलें त्याहून अधिक कोणाकडूनहि अपेक्षितां येत नाहीं. ते परक्यांच्या घरच्या टाकलेल्या वस्तू उचलीत होते, आणि टाकणारानें बहुधा नांव अगोदरच टाकलेलें असे. आपणांस मात्र अजून वेळ आहे. आपल्या वस्तू अजून आपल्याच घरीं आहेत, आणि त्यांचीं नांवें जाणणारीं माणसें अजून आपल्यांत बसलेलीं आहेत. तीं माणसें आणखी किती वर्षें असतील हें नोंदवहीच सांगते. तिच्या मृत्यूच्या पानांवर दरवर्षीं भर पडते.

म्हणून या महोत्सवाच्या वर्षीं प्रत्येक कुटुंबानें एवढें करावें अशी आमची विनंती आहे. घरांतील सर्वांत जुन्या पांच वस्तू निवडाव्या. जातें असेल, लग्नांतलें लुगडें असेल, आजोबांची जपमाळ असेल, रेल्वेच्या किंवा गिरणीच्या नोकरीचा बिल्ला असेल, मोडक्या पुठ्ठ्याचें प्रार्थनापुस्तक असेल. प्रत्येकीबरोबर एक कागद ठेवावा आणि त्यावर लिहावें: ही कोणाची, कोठून आली, कशी वापरीत, आतां कोण वापरतें. घरांतील वृद्धांना विचारून लिहावें, आणि त्यांना आठवेल तसें, त्यांच्याच शब्दांत लिहावें. ज्यांना लिहिणें कठीण वाटेल त्यांनीं खिशांतल्या मोबाइल फोनवर त्यांचा आवाज घ्यावा. जुन्या छायाचित्राच्या पाठीवर पेन्सिलीनें हलक्या हातानें नांवें लिहावीं. शाई पुढल्या बाजूस उमटते. रेशमी वस्त्र घडी घालून वर्षानुवर्षें एकाच जागीं ठेवूं नये, घडीवर तें विरतें. गुंडाळी करून स्वच्छ सुती कापडांत ठेवावें. पितळेला चकाकी आणण्यासाठीं चिंचेनें घांसून घांसून त्यावरील नक्षी झिजवूं नये. पावसाळ्यानंतर पेट्या एकदां उघडून वारा द्यावा. ज्यांना जागेच्या अभावीं वस्तु घरीं ठेवणें अशक्य असेल त्यांनीं ती विकण्यापूर्वीं पॅरिशमध्यें कळवावें. शाळेच्या जुन्या इमारतींतील एक खोली आणि दोन कुलूपबंद कपाटें यांसाठीं राखून ठेवण्याचें आम्हीं ठरविलें आहे. तेथें येणाऱ्या प्रत्येक वस्तूबरोबर तो कागद आलाच पाहिजे, एवढी एकच अट राहील.

ही मोठी योजना नाहीं. हिला देणग्यांची यादी लागणार नाहीं. मंदिराचा शतकमहोत्सव ज्या मुलांच्या हातून व्हावयाचा आहे तीं आज पहिल्या कम्युनियनच्या वर्गांत बसलेलीं आहेत. त्यांना मंदिराचें वय कोनशिला सांगेल. आपण कोणाचे, हें त्यांना सांगण्याचें काम त्या पांच वस्तूंचें आहे. तेव्हां वाचकहो, हें पुस्तक मिटून बाजूस ठेवल्यावर आज संध्याकाळीं घरच्या वडीलधाऱ्यांजवळ बसा आणि माळ्यावरची पेटी खालीं काढा. जें निघेल तें भंगाराच्या काट्यावर चढण्यापूर्वीं त्याचें नांव विचारून घ्या.